थकव्यावरची मुळी



मी वैद्य नाही, डॉक्टर नाही, आणि शाळाही माझी लवकरच सुटली. माझे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले. तेव्हा हा मनुष्य वनौषधींवर काय बोलणार, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे कारण एक बाटली. रातपाळीहून सुटलेल्या एका कामगाराने ती मला फाटकापाशी दाखविली. आत अश्वगंधेच्या अर्काच्या गोळ्या. "भाऊ, हिने थकवा जातो म्हणतात, खरं का?" मला उत्तर देता आले नाही. आमच्या धंद्यात हे बरे नव्हे. म्हणून वाचू लागलो.

या कथेची सुरुवात आपल्याकडे होत नाही. माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली एक लहानसे टिपण छापले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, बेसुमार राबवा, की थोडे विष द्या. कारण कोणतेही असो, शरीराची धडपड एकाच वळणाची होते. आधी धोक्याची घंटा, मग काही काळ तग धरणे आणि शेवटी गळून जाणे. आमच्या तिन्ही पाळ्यांतल्या माणसांना हे सांगायला उंदीर लागले नसते. पण शास्त्राला पुरावा लागतो, आणि तो लागावाच.

पुढे १९४७ साली सोविएत संघात निकोलाय लाझारेव यांनी 'अ‍ॅडॅप्टोजेन' हा शब्द आणला. शरीराची तग धरण्याची ताकद वाढविणारे द्रव्य, असा त्याचा ढोबळ अर्थ. व्लादिवोस्तोकच्या इझ्राएल ब्रेखमन यांनी तो शब्द वनस्पतींना लावला आणि तीन अटी घातल्या. औषध निरुपद्रवी हवे, त्याचा उपयोग एकाच व्याधीपुरता नसावा, आणि शरीर ज्या बाजूला कलले असेल तिकडून त्याने ते समतोलावर आणावे. जिनसेंग महाग आणि दुर्मिळ, म्हणून त्यांनी पूर्वेकडच्या जंगलातले त्याच कुळातले काटेरी झुडूप निवडले, एल्यूथेरोकॉकस. १९६२ मध्ये त्याच्या अर्काला तेथे अधिकृत मान्यता मिळाली. खलाशी, खेळाडू, कामगार यांच्यावर प्रयोग झाले. मात्र त्यांतल्या अनेकांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. औषध दिले, माणूस म्हणाला बरे वाटते, झाली नोंद! असा हिशेब मालकाने मांडला असता तर आम्ही तो मान्य केला असता का?

नीट हिशेबाचे प्रयोगही आहेत. आर्मेनियात ५६ तरुण डॉक्टरांना रात्रपाळीच्या काळात ऱ्होडिओला या थंड डोंगराळ मुलखातल्या मुळीचा अर्क, रोज १७० मिलिग्रॅम, देण्यात आला; आलटून पालटून नकली गोळ्याही देण्यात आल्या. कोणती कोणाला, हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आकडेमोड, स्मरण, एकाग्रता यांत पहिल्या दोन आठवड्यांत सुधारणा नोंदली गेली. पुढे २००९ मध्ये स्वीडनमधला ६० थकलेल्या माणसांवरचा, २८ दिवसांचा प्रयोग छापून आला. मुळीवाल्यांना अधिक गुण आला खरा, परंतु नकली गोळ्या घेणाऱ्यांतही काही बाबतींत स्पष्ट सुधारणा झाली! कोणी आपली विचारपूस करते आहे एवढ्यानेही माणसाला बरे वाटत असेल, असे मला त्यावरून वाटले.

आता आपली अश्वगंधा, म्हणजे आस्कंद. आयुर्वेदाने तिला बल्य म्हटले ते शतकांपूर्वी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगात ६४ तणावग्रस्त माणसांपैकी निम्म्यांना दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क ६० दिवस दिला. तणाव कमी झाल्याचे त्यांनी सांगितले, आणि रक्तातले कॉर्टिसॉल हे तणावाचे द्रव्यही उतरले. तेव्हा हे सारे थोतांड आहे असे मी म्हणणार नाही. पण ६४ माणसे म्हणजे एका खात्यातली एक पाळी. ६० दिवसांवरून वर्षाचे अनुमान निघत नाही. शिवाय अशा पुष्कळ प्रयोगांना अर्क विकणाऱ्यांचाच पैसा किंवा माल असतो. युरोपच्या औषध संस्थेने २००८ मध्ये 'अ‍ॅडॅप्टोजेन' ही संज्ञा वैद्यकशास्त्रात मान्य झालेली नाही असेच नोंदविले. आणि निरुपद्रवीपणाचे म्हणाल, तर अश्वगंधेच्या गोळ्यांनंतर काहींना कावीळ झाल्याचे २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिले. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. गरोदर बाईने किंवा थायरॉइडचे औषध चालू असलेल्याने तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

माझे भांडण मुळीशी नाही. ती कोणाच्या हातात पडते याच्याशी आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली ती १८९० साली. त्यांना कोणी म्हटले असते, सुटी कशाला, मुळी घ्या, तर? रात्रपाळीचे काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये दिला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा कायम केला. त्यावर कोणत्या गोळीचा अर्क काढणार?

त्या बाटलीवाल्या कामगाराला मी दवाखान्यात नेले. रक्तात लोह कमी निघाले. आणि आठवड्यातून दोनदा तो सलग दोन पाळ्या करीत होता, हे त्याने डॉक्टरांना सांगितले, मला नव्हते सांगितले. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. दोन पाळ्यांमध्ये निदान बारा तास मोकळे असावेत, ही मागणी आम्ही लेखी दिली आहे. तिच्यावरची बैठक येत्या सोमवारी आहे.