कुमारांसाठी चरित्र : ‘एक होता कार्व्हर’

मराठी कुमारवाचकांनी ज्या चरित्रांवर मनापासून प्रेम केले, त्यांत वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’चे स्थान मोठे आहे. 1981 मध्ये आलेले हे पुस्तक अमेरिकेतील कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे आयुष्य सांगते.

कार्व्हर यांचा जन्म 1864च्या सुमारास मिसुरी राज्यात गुलाम आईच्या पोटी झाला. तान्हेपणीच दरोडेखोरांनी माय-लेकरांना पळवले. मूल परत मिळाले, आई कधीच सापडली नाही. हाताला मिळेल ते काम करत हा मुलगा शिकला आणि 1896 मध्ये अलाबामातील टस्कीगी संस्थेत शेतीचा अध्यापक झाला.

तिथे वर्षानुवर्षे कापूसच घेतल्याने जमिनीचा कस गेला होता. भुईमुगाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात, म्हणून कार्व्हर यांनी पीक बदलण्याचा आग्रह धरला. 1906 मध्ये अवजारे आणि बियाणे भरलेली गाडी शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागली. भुईमुगाचे 105 पदार्थ सांगणारी पुस्तिका 1916 मध्ये निघाली.

कुमारांसाठीच्या चरित्राची कसोटी इथे पाहायला मिळते. थोर माणसाला देव्हाऱ्यात न बसवता त्याचे कष्ट, त्याचा काळ आणि त्याच्या कामामागचे विज्ञान सोप्या भाषेत उलगडले, की वाचणाऱ्या मुलाला इतिहासही समजतो आणि माणूसही. गवाणकर यांनी पुढे आयडा स्कडर, सलीम अली, लीझ माइट्नर यांचीही चरित्रे लिहिली.