कार्ल्याच्या खांबांवरची नावे : स्वागताध्यक्षीय भाषण

सन्माननीय परिषदाध्यक्ष, न्यायाधीश, वकील आणि बँकांतील मान्यवर,

भर पावसात बोरघाट चढून तुंगार्लीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते.

लोणावळा म्हणजे चिक्की आणि धुके, एवढेच नव्हे. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी येथेच कैवल्यधाम उभारून योग प्रयोगशाळेत आणला. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा इथल्या घराघरांत आहे. त्याच्या देवळापाशी गाड्या आजही थबकतात.

पण लोणावळेकरांचा जीव गुंतला आहे तो शेजारच्या कार्ल्याच्या लेण्यांत. या लेण्यांचे जुने नाव वलूरक. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने इथले चैत्यगृह पुरे केले आणि जंबुद्वीपात त्याला तोड नाही, असे कोरून ठेवले. धेनुकाकटच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरवाल्याने, दार दिले, तिथल्या यवनांनी खांब दिले. ज्याचे दान, त्याचे नाव तिथेच. क्षत्रप राजाचा जावई असलेल्या उषवदाताने भिक्षूंना करजिक गाव दिले, तीही नोंद आहे. याच उषवदाताने नाशिकला विणकरांच्या श्रेणींकडे 3000 कार्षापण ठेवले. 2000 वर दरमहा शेकडा एक, 1000 वर पाऊण, हा व्याजदरही तिथल्या लेण्यात कोरला. दगडात खाडाखोड सहजी होत नाही.

आजचा ठेवीचा पुरावा मात्र सर्व्हरमध्ये असतो. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी रुपये सायबर हल्ल्यात गेले. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात, मूळ उपकरण हजर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ठरवले. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 लागू झाले; प्रमाणपत्रात आता हॅश मूल्यही द्यावे लागते. फसवला गेलेला मावळातला खातेदार मोबाइलवरचे स्क्रीनशॉट घेऊन वडगावच्या कोर्टात येतो. त्याने हे सारे कसे पुरे करावे, याचे उत्तर परिषदेच्या या दोन दिवसांत मिळावे, ही समितीची कळकळीची विनंती आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. खोल्यांत ओल आहे, गरम पाणी पाळीने मिळेल, पाऊस वाढला की वीज जाते आणि तिच्याबरोबर नेटवर्कही. शनिवार-रविवारच्या गर्दीत काही पाहुणे घाटात तासन्‌तास अडकले. या सगळ्याबद्दल समिती क्षमा मागते.

बंगलेवाल्यांनी घरे उघडून दिली, चिक्कीवाल्यांनी शिदोरी दिली, बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून भाकऱ्या थापत आहेत, रिक्षावाल्यांनी स्टेशनवरून फेऱ्या केल्या. या सर्वांची नावे मंडपाच्या खांबांवर लावली आहेत. पाहुण्यांनी ती जरूर वाचावीत. कार्ल्याची बस उद्या सकाळी सातला सुटेल. छत्र्या स्वागतकक्षात ठेवल्या आहेत.