गांभीर्य कुणाला परवडते?

(वांगणी येथे सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



सावित्रीबाईंच्या शाळेबद्दल आपण दरवर्षी ३ जानेवारीला बोलतो. आज १० मार्च, म्हणून त्यांच्या मरणाबद्दल बोलू या. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने गावाबाहेर, ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले, आणि त्याच आजाराने त्या गेल्या.

हे आठवले की मला आपल्या वस्तीतले एक भांडण आठवते. कोरोना किती गंभीरपणे घ्यायचा, यावरून २०२० साली पडलेली फूट. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण या मंडपात दोघीजणी अशा बसल्या आहेत, ज्या अजून एकमेकींशी बोलत नाहीत. दोघींना विचारूनच मी हा विषय काढला आहे. नावे घेणार नाही. आणि हिशेब मांडायचा आहे तो माझ्या चुकीचा.

वांगणीत अनेक दृष्टिहीन कुटुंबे राहतात, हे तुम्हाला सांगायला नको. भाडे त्यातल्या त्यात परवडते, गाडी हाताशी असते, आणि लोकलच्या डब्यात चेन, पेन, रुमाल विकून कित्येकांचे घर चालते. या दोघींपैकी एक त्यांतली. दुसरी तिची शेजारीण, डोळस, बदलापूरला धुणीभांडी करणारी. दहा वर्षांचा शेजार. एकीने दुसरीच्या चेनची पाकिटे मोजून द्यायची, दुसरीने हिची मुले सांभाळायची.

२३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाल्या. जूनमध्ये सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या माणसांसाठी. २१ ऑक्टोबरपासून बायकांना मुभा मिळाली, तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. जिला सकाळी सातला दुसऱ्याच्या घरची भांडी घासायची असतात, तिला ही वेळ काय कामाची? पण वेळ ठरवताना तिला कोण विचारतो?

वाद तर सगळीकडेच चालला होता. मे महिन्यात दारूची दुकाने उघडली, देवळे मात्र नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. बायका म्हणत, दारूच्या रांगेत होत नाही का तो कोरोना? कुणी म्हणे, साधा सर्दीताप आहे. कुणी म्हणे, एका पेशंटमागे दीड लाख मिळतात, म्हणून धरून नेतात. ही निव्वळ अफवा होती. पण घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना लोक तोंडावर विचारत, ‘तुला किती सुटतात?’ त्यांचे मानधन इतके तुटपुंजे होते की जून २०२१ मध्ये त्यांना राज्यभर संपावर जावे लागले.

त्याच ऑक्टोबरात आम्ही बचत गटाची बैठक झाडाखाली घेतली. दृष्टिहीन मैत्रीण म्हणाली, ‘‘मी उद्यापासून गाडीला जाणार. कोरोनाबिरोना काही नाही. असलाच तर सात महिने आमच्या पोटात बसलाय.’’ शेजारीण उसळली, ‘‘माझी सासू दम्याची. तू डब्यात शंभर जणींना हात लावणार आणि माझ्या दारावरून जाणार!’’ आवाज चढले. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, हातात पत्रकांचा गठ्ठा, आणि महिन्याच्या एक तारखेला पगार. मी म्हणाले, ‘‘तुमच्यासारख्या बेफिकीर माणसांमुळेच रोग पसरतो.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘ताई, सहा फूट म्हणजे किती, ते जरा मला हाताला धरून दाखवा.’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी सगळ्यांना कोपरात खोका, कोपरात शिंका असे शिकवत होते. आणि दृष्टिहीन माणूस रस्ता ओलांडताना सोबतच्याचे धरतो ते कोपरच. माझी पत्रके तिला वाचता येणार नव्हती, तोंडावर मास्क आला की समोरच्याचा आवाजही तिला धड कळत नव्हता. पुढे लस आली, तेव्हा को-विनवर नोंदणी करणे दृष्टिहीनांना अडचणीचे आहे, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाला ३१ मे २०२१ च्या आदेशात नोंदवावी लागली. म्हणजे सावधगिरीची सारी भाषाच डोळस माणसांनी, डोळस माणसांसाठी केली होती. ती पाळता आली नाही, म्हणून तिला बेफिकीर ठरवले ते मी.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत शेजारणीची सासू गेली. लागण कुणाकडून झाली, ते कुणीही सांगू शकणार नाही. ती स्वतः कामाला जात होती, नवरा रिक्षा चालवत होता. पण वस्तीला कुणावर तरी बोट ठेवायचे होते, आणि ते कुणावर ठेवायचे हे मी सहा महिने आधीच दाखवून ठेवले होते. ‘‘ताईच म्हणाल्या होत्या ना, बेफिकीर म्हणून.’’ नळावर तिची कळशी बाजूला सरकवली जाऊ लागली. तिची मुले शेजारी जायची बंद झाली.

खूप नंतर तिने मला एक गोष्ट सांगितली. त्या ऑगस्टमध्ये तिच्या नवऱ्याला ताप आला होता. तोही दृष्टिहीन. तिने कुणाला कळू दिले नाही. त्याला नेले तर कुठे नेतील, तिथे त्याला संडासची वाट कोण दाखवील, आणि काही बरेवाईट झाले तर आपल्याला कोण कळवील? चौदा रात्री ती त्याच्या श्वासाकडे कान लावून बसली होती. रोगाची भीती तिला माझ्यापेक्षा जास्तच होती. ‘कोरोनाबिरोना नाही’ हे तिने दाराला लावलेले कुलूप होते.

मैत्रिणींनो, हे कुलूप जुने आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी त्यांची खात्री झाली होती. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत सोल्जर घराघरांत घुसले, तेव्हा लोकांनी रोगी लपवले. तेव्हाही दोन तट होते: सरकार करते ते निमूट मान्य करा म्हणणारे, आणि प्लेग हे निमित्तच आहे म्हणणारे. साथरोगांचा कायदा झाला तो त्याच १८९७ सालचा, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने बाहेर काढला तोही तोच.

पण त्याच पुण्यात तिसरी वाट चालणाऱ्या बाया होत्या. सावित्रीबाईंनी रोग खरा मानला, म्हणून रोगी पाठीवर घेतला. पंडिता रमाबाईंनीही रोग खरा मानला, आणि तरीही १८९७ मध्येच ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयात बायकांना कशी वागणूक मिळते ते उघड केले. सरकारने ते नाकारले. बाई बधल्या नाहीत. रोग गंभीर आहे म्हणणे आणि सत्तेला जाब विचारणे, ही दोन्ही कामे एकच बाई करू शकते.

आपण २०२० मध्ये यातले एकही नीट केले नाही. ‘तू मानतेस की नाही?’ एवढेच एकमेकींना विचारत बसलो. विचारायला हवे होते, ‘तुला घरी थांबता यावे म्हणून काय लागेल?’ रेशन लागेल, भाड्याला सवलत लागेल, नवऱ्यासोबत राहायची परवानगी लागेल. हे मिळाले असते तर तिने गाडी धरली असती का? आणि शेजारणीला पगारी रजा मिळाली असती, तर सासूला जपायला ती घरी थांबली नसती का? दोघींचीही भीती खरी होती. आम्ही दोन भीती एकमेकींशी झुंजवल्या आणि ज्यांनी उत्तर द्यायचे ते नामानिराळे राहिले.

साथ पुन्हा येईल. म्हणून संघटनेतर्फे आज मी ठराव मांडते. एक, साथीच्या काळात हातावर पोट असणाऱ्या प्रत्येक घराला रेशनकार्ड न बघता धान्य मिळावे. दोन, रोग्याला कुठे नेले ते घरच्यांना त्याच दिवशी तोंडी कळवावे, आणि अपंग रोग्यासोबत एक माणूस राहू द्यावा. तीन, सूचना ऐकता येतील आणि स्पर्शाने समजतील अशा असाव्यात. चार, गावच्या आरोग्य समितीत आशाताई, मोलकरीण आणि दृष्टिहीन बाई यांना जागा असावी.

आणि ठरावाबाहेरचे एक. ते वाक्य मी चारचौघींत बोलले होते, म्हणून माफीही चारचौघींतच मागते. दोघींची. एकीला मी बेफिकीर म्हटले, दुसरीच्या दुःखाला चुकीचे दार दाखवले. तुम्ही दोघींनी लगेच बोलावे असा माझा आग्रह नाही. पण ते वाक्य माझे होते, ते मी परत घेते. उद्यापासून नळावर ते कुणी वापरू नये.

आता ठराव मताला टाकू. हात वर करू नका, सगळ्यांना दिसत नाहीत. मंजूर असेल तर आवाज द्या.