‘कौतुक’ या शब्दाच्या छटा

काटोलच्या संत्र्यांच्या बागांत आंबिया बहाराची पहिली फुले दिसू लागली म्हणजे बागवान त्यांकडे कौतुकाने पाहतो, असे आपण म्हणतो. आता शाळेच्या वहीत ‘कौतुक म्हणजे प्रशंसा’ एवढेच लिहिलेले असते. परंतु बागवान काही झाडाची प्रशंसा करीत नसतो. त्याच्या दृष्टीत नवल असते, माया असते, आणि वर्षाच्या मिळकतीची धाकधूकही असते. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, तो ग्रंथ घरी असावाच. तथापि कोश अर्थ ओळीने मांडतो. त्यांतील कोणता कोठे लागतो, हे काव्येच शिकवितात.

आपल्याच जिल्ह्यातील रामटेक हा ‘मेघदूता’तील रामगिरी होय, असे अनेक विद्वान मानतात. तेथे पत्नीपासून दुरावलेल्या यक्षासमोर मेघ येतो, आणि कालिदास त्या मेघाला कौतुक उपजविणारा म्हणतो. (काही पोथ्यांत येथे ‘केतक’ असा पाठ आहे, मला ‘कौतुक’च रुचते.) येथे स्तुती किंवा गंमत हा अर्थ घेऊन कसे चालेल? मल्लिनाथ ‘अभिलाष’ असा अर्थ देतो. ती विरहाची हुरहुर आहे.

‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गारंभी तर कौतुक ही हातात बांधण्याची वस्तूच होते: विवाहाचे मंगल कंकण. अजाच्या हातातील ते कंकण अद्याप सुटलेले नाही, तोच रघू त्याच्या हाती पृथ्वी सोपवितो. याच सर्गात पुढे इंदुमती मरण पावते. ज्याला तेथे ‘कौतुक’ म्हणजे नुसता आनंद वाटला, त्याला ते कंकण दिसलेच नाही. मग अजविलापाची धार तरी त्याला पुरती कशी जाणवावी?

मराठीत आल्यावर या शब्दाला अधिक लडिवाळपणा आला. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात, आपले मराठी बोल अमृताशीही पैज जिंकतील असे सांगताना ज्ञानदेव हाच शब्द योजतात. तेथे ‘सहज लीलेने’ असा अर्थ घ्यावा की ‘आवडीने, अभिमानाने’ असा? विद्यार्थ्याने निवड करण्याची घाई करू नये. एकदा लीलेचा अर्थ मनात धरून ती ओवी मोठ्याने म्हणावी, आणि एकदा आवडीचा. दोन्ही वेळा आवाज निराळा लागतो.