वास्तू पाहावी कशी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा मंडळाच्या सहलीत आपण काहीजणी गोव्यास जाऊन आलो. "काय काय पाहिलेत?" असे घरी राहिलेल्यांनी विचारले, तेव्हा आमच्या तोंडून आधी समुद्र निघाला, मग काजू आणि मग नारळीच्या बागा. "जुन्या गोव्यात मोठमोठी चर्चे पाहिली," एवढ्या एका वाक्यात तो सारा दिवस आटोपला. त्या एका वाक्याचे भाषण करावे, असे चिटणीसबाईंनी मला फर्मावले आहे. मी शिल्पशास्त्र शिकलेली नाही. शाळेत मुलांना इतिहास शिकवीत आले आहे, इतकेच. तेव्हा गोव्याचे वर्णन करण्यापेक्षा, एखादी जुनी वास्तू पाहावी कशी, याविषयीच आज मला आपणांशी बोलायचे आहे.

आपण पाहिलेल्या सर्वांत मोठ्या चर्चचे नाव 'से कॅथेड्रल'. कॅथेड्रल म्हणजे काय? ग्रीक भाषेत 'कथेद्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते, ते कॅथेड्रल. 'से' या पोर्तुगीज शब्दाचे मूळही लॅटिनमधल्या आसनवाचक शब्दातच आहे. आपण मठाची 'गादी' म्हणतो ना, अगदी तसेच! म्हणजे हे गादीचे प्रार्थनामंदिर झाले. असे एक मुंबईतही आहे. फोर्टमधले सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले. त्या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो 'चर्चगेट', आणि त्यावरूनच आजच्या स्टेशनाचे नाव पडले. कितीदा आपण त्या स्टेशनावर उतरलो असू, पण ते चर्च कोणते, हे आपल्यापैकी कितीजणींनी विचारले?

सहलीत एका भगिनीने मला स्पष्टच विचारले, "ज्यांनी आपली देवळे पाडली, त्यांची चर्चे आपण कौतुकाने का पाहायची?" प्रश्न रास्त आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने गोवे जिंकले. पुढे १५४० च्या सुमारास तिसवाडीतील आणि नंतर इतर भागांतील देवळे पाडली गेली. अनेक घराण्यांनी आपले देव रातोरात नदीपलीकडे नेले. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, तेथे इन्क्विझिशनचा अंमल होता. हे सारे ठाऊक असूनच त्या चौकात उभे राहावे. परंतु भगिनींनो, दगडाने कोणाचा छळ केला नाही. ज्यांनी ते दगड वाहिले, घडले आणि चढविले, त्यांत इथल्याच मातीतले मजूर आणि कारागीर होते. शेजारच्या बॉम जेझू चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष असलेली चांदीची पेटी आपण पाहिली. ती १६३६-३७ साली गोव्याच्याच सोनारांनी घडविली आहे. राज्य कोणाचे होते, हे इतिहासाने सांगावे; हात कोणाचे होते, हे वास्तू सांगते. आपण दोघांचेही ऐकावे.

आता पाहावे कसे? पहिली गोष्ट, दुरून पाहावे. आपण मोटारीतून उतरलो की थेट दारात जातो. त्याऐवजी समोरच्या हिरवळीवर पाच मिनिटे थांबावे. से कॅथेड्रलचे काम १५६२ साली सुरू झाले आणि मुख्य इमारत १६१९ साली पुरी झाली, म्हणजे सत्तावन्न वर्षे लागली! आतल्या वेद्या तर १६५२ पर्यंत चालल्या होत्या. ज्यांनी पायाचा चिरा बसविला, त्यांतल्या बहुतेकांनी छत पाहिले नसेल. इमारतीची लांबी सुमारे अडीचशे फूट आहे. दुरून पाहताना चटकन ध्यानात येते की, तिचा तोल एका बाजूस झुकल्यासारखा वाटतो. मूळचे मनोरे दोन होते; उत्तरेकडचा १७७६ साली वीज पडून कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. सोने तिच्या नादात आहे, हे सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट, दगड ओळखावा. हे चर्च पांढरे दिसते ते चुन्याच्या गिलाव्यामुळे. आत आहे तांबडा जांभा दगड. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून घट्ट होतो. मात्र तो सच्छिद्र असल्याने कोकणपट्टीच्या धो धो पावसात त्याला गिलाव्याचे पांघरूण लागते. १५९४ साली सुरू झालेल्या आणि १६०५ साली पुऱ्या झालेल्या बॉम जेझू चर्चचा गिलावा १९५० च्या सुमारास काढून टाकण्यात आला. तांबडा दगड उघडा पडला, फार शोभिवंत दिसू लागला. पण पावसाने तो झिजतो, अशी काळजी आता तिथल्या लोकांना लागली आहे. दिसायला छान ते टिकायला छान असेलच, असे नाही, हे आपण बायका साड्यांवरून जाणतोच! आणि आणखी एक गंमत. त्याच चर्चच्या दर्शनी भागावरचे नक्षीचे काळे दगड वसईकडून आणल्याचे सांगतात. तो काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, आपल्या ओळखीचा आहे. आपल्या लोणारचे सरोवर ज्या खडकात खणले गेले, तोच हा खडक.

तिसरी गोष्ट, आत गेल्यावर मान वर करावी. छत कशावर तोलले आहे, हे पाहावे. आपल्या जुन्या देवळांत दोन खांबांवर आडवी शिळा ठेवतात. शिळा फार लांब झाली तर स्वतःच्याच भाराने मधोमध तडकते. म्हणून खांब जवळजवळ लागतात आणि सभामंडप खांबांनी भरून जातो. कमानीचे तसे नाही. हे समजण्यासाठी दोघीजणींनी समोरासमोर उभे राहावे, तळहाताला तळहात लावावेत आणि एकमेकींवर रेलावे. दोघी पडत नाहीत. पण पाय मागे सरकू पाहतात. पाय सरकू नयेत म्हणून मागे भिंत हवी. कमानीतले दगड असेच एकमेकांवर रेललेले असतात आणि चर्चच्या भिंती इतक्या जाड असतात त्या हा रेटा सोसण्यासाठी. त्यामुळेच मधला भाग एवढा रुंद व मोकळा ठेवता येतो.

आणि तो मोकळा कशासाठी ठेवला? ही चौथी गोष्ट: वास्तू माणसाला काय करायला सांगते, ते पाहावे. आपल्या देवळात मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना जागा आकसत जाते, उजेड कमी होतो आणि शेवटी आपण व देव एवढेच उरतो. चर्चमध्ये शेकडो माणसांनी एकत्र बसून एकाच वेळी प्रार्थना करायची असते. म्हणून तिथे जागा लांब, उंच, आणि सर्वांची नजर टोकाच्या सोनेरी वेदीवर. दोन्ही ठिकाणी बांधणाऱ्याने आधी भक्ताचा विचार केला आहे, मग दगडाचा.

त्या वेदीपाशी आपल्यापैकी कितीजणी थांबल्या? तिथे सेंट कॅथरीनच्या चरित्रातले प्रसंग कोरले आहेत. गोवे तिच्या सणादिवशी जिंकले, म्हणून हे चर्च तिचे. कथा अशी की, इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरातल्या या विदुषी तरुणीने बादशहाने बोलावलेल्या पन्नास पंडितांना वादात निरुत्तर केले आणि श्रद्धा सोडली नाही, म्हणून तिला मृत्युदंड झाला. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला प्रश्न विचारणारी गार्गी आपणांस ठाऊक आहे. तिची ही दूरदेशीची बहीणच म्हणावी. एवढ्या मोठ्या प्रार्थनामंदिराच्या मध्यभागी एका शिकलेल्या मुलीची गोष्ट आहे, हे मला तरी घरी सांगण्याजोगे वाटले.

आता थोडे कटू बोलते. जवळच्याच टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या चर्चचा पडका मनोरा आहे. तोही जांभ्याचा, तशाच कसबी हातांनी बांधलेला. १८३५ मध्ये तिथला मठ सक्तीने रिकामा झाला. अवघ्या सात वर्षांनी, १८४२ मध्ये, छत खाली आले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. से कॅथेड्रलने वीज सोसली तरी ते उभे राहिले, कारण तिथे रोज कोणीतरी झाडीत होते, पणती लावीत होते, गळणारे कौल बदलीत होते. विजेपेक्षा वाईट काय असेल, तर आपल्या माणसांनी पाठ फिरविणे. पुढे १९८६ साली गोव्याची ही चर्चे जागतिक वारशाच्या यादीत गेली, पण पडलेले छत काही परत आले नाही.

भगिनींनो, हे सारे मी सांगते आहे ते आपल्या लोणारसाठी. चिखली, मेहकर, सुलतानपूर या वाटेने आपण लोणारला किती वेळा गेलो! धारेवर स्नान केले, कमळजादेवीची ओटी भरली आणि गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात हात जोडून पाच मिनिटांत बाहेर पडलो. चालुक्यकाळातले ते काळ्या दगडाचे देऊळ ताऱ्याच्या आकाराच्या पायावर उभे आहे. भिंतीला इतके कोन का दिले? उन्हाची प्रत्येक घटका त्या कोनांवर वेगळी सावली पाडते म्हणून मूर्ती जिवंत वाटतात. हे पाहायला सकाळी एकदा आणि दुपारी एकदा प्रदक्षिणा करावी लागते. आत छतावर कोरलेले देव आहेत, पण त्यासाठी मान वर करावी लागते. त्याचे शिखरही अपुरेच आहे. एक मनोरा नसलेले ते चर्च आणि शिखर नसलेले हे देऊळ, दोघांचीही अपुरेपणातली ऐट सारखीच!

सरोवराला २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसरच्या, यादीत मान मिळाला. पुरातत्त्व खाते आपले काम करील. पण खात्याचा माणूस प्रत्येक खांबापाशी उभा राहू शकत नाही. मूर्तीवर तेल ओतणे, कोरीव दगडाला कुंकू फासणे, नक्षीलगत कापूर जाळणे, भिंतीवर नावे लिहिणे, हे सारे भाविक आणि सहलीला आलेली मुलेच करतात. आणि भाविकांत व मुलांच्या आयांत आपणच अधिक! तेलावर धूळ बसते आणि शतकांची नक्षी वर्षागणिक बुजत जाते. गोव्याच्या चर्चमध्ये आपण खांदे झाकून, आवाज दाबून, कशालाही हात न लावता फिरलो. परक्या घरी एवढे शहाणपण आपल्याला सुचले, ते आपल्या घरी का सुचू नये?

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढच्या सहलीला लांब जाऊ नये. लोणारलाच जावे, पण पुरा दिवस काढून. प्रत्येकीने एकेक मूल बरोबर न्यावे. देवाला फूल वाहावे, हळदीकुंकू मात्र घरी परतल्यावर एकमेकींना लावावे. मग दुरून पाहावे, दगड ओळखावा, मान वर करावी आणि ही जागा माणसाला काय करायला सांगते, ते मुलांना विचारावे. उत्तरे तीच देतील. ज्या मुलाने देवळाचा खांब एकदा समजून घेतला, ते त्यावर खिळ्याने नाव कोरणार नाही.