सामायिक डेटाबेस आणि माहितीचे विलगीकरण
(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



ई-प्रशासनाचा घटक अभ्यासताना आपण योजनांची नावे, प्रारंभाची वर्षे आणि संबंधित मंत्रालये पाठ करतो. ते आवश्यकच आहे. परंतु या सर्व योजनांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो. अनेक संस्था एकच वेब आज्ञावली आणि एकच डेटाबेस वापरत असतील, तर एका संस्थेची माहिती दुसरीच्या पडद्यावर जाणार नाही याची हमी कोण देतो? आज मी एवढ्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

सामायिक व्यवस्था मुळात हवीच कशाला, असे कोणी विचारील. देशात सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती आहेत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेले ‘ई-ग्रामस्वराज’ हे पंचायतींचे नियोजन आणि हिशेब यांसाठीचे एकच पोर्टल आहे. प्रत्येक पंचायतीला स्वतंत्र सर्व्हर आणि तो सांभाळणारा स्वतंत्र तंत्रज्ञ देणे कोणत्याही अंदाजपत्रकात बसणार नाही. खासगी क्षेत्रातही हेच गणित आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या कंपनीने असंख्य ग्राहक कंपन्यांच्या नोंदी सामायिक तक्त्यांत ठेवल्या आणि प्रत्येक नोंदीवर त्या ग्राहकाचा ओळख क्रमांक घातला. अशा ग्राहक संस्थेला या क्षेत्रात ‘टेनंट’, म्हणजे भाडेकरू, म्हणतात. लहान रुग्णालय, सहकारी पतसंस्था किंवा तालुक्याच्या गावातील शाळा यांना चांगली आज्ञावली परवडते ती या भाडेकरू पद्धतीमुळेच.

भाडेकरूंची माहिती वेगळी ठेवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येकाला स्वतंत्र डेटाबेस मिळतो. हे स्वतंत्र घर झाले. दुसऱ्यात डेटाबेस एक, पण प्रत्येकाच्या तक्त्यांचा संच वेगळा; एका वाड्यातील कुलूपबंद खोल्यांसारखा. तिसऱ्यात तक्तेही सामायिक असतात आणि प्रत्येक नोंदीला संस्था क्रमांकाचा एक रकाना जोडलेला असतो. एकाच खोलीत सर्वांच्या ट्रंका, ट्रंकेवर फक्त नाव. पहिला मार्ग सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत खर्चिक. दुसऱ्यात भाडेकरू हजारांवर गेले की तक्त्यांच्या रचनेतील एक साधी दुरुस्तीही हजारो वेळा करावी लागते. म्हणून संख्या मोठी असली की बहुतेकांची पावले तिसऱ्या मार्गाकडे वळतात. खरा धोकाही तेथेच आहे.

समजा, दोन रुग्णालये एकच आज्ञावली वापरतात. पहिल्या रुग्णालयातील लिपिकाने देयक क्रमांक १०४२ मागवला. डेटाबेसला जाणाऱ्या प्रश्नात ‘देयक क्रमांक १०४२’ ही अट आहे. ‘आणि संस्था क्रमांक १’ ही अट लिहायची राहून गेली. दुसऱ्या रुग्णालयातील रुग्णाचे नाव, निदान आणि रक्कम या लिपिकासमोर उघडी पडते. येथे कोणी घुसखोरी केलेली नाही, संकेतशब्द चोरलेला नाही. आज्ञावलीत असे प्रश्न शेकडो ठिकाणी असतात आणि सर्व भिस्त प्रत्येक ठिकाणी ती अट आठवणीने लिहिण्यावर असते. माणसाच्या स्मरणशक्तीवर उभारलेल्या सुरक्षेला सुरक्षा म्हणावे का, याविषयी माझे मत प्रतिकूल आहे.

म्हणून ही अट डेटाबेसमध्येच बसवतात. ओरॅकलने १९९९ च्या आपल्या ‘आठ-आय’ आवृत्तीत अशी सोय आणली होती. पोस्टग्रेस्क्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये ती जानेवारी २०१६ च्या ९.५ आवृत्तीपासून ‘रो लेव्हल सिक्युरिटी’ या नावाने उपलब्ध आहे. चालू व्यवहार कोणत्या संस्थेचा आहे हे आज्ञावली आरंभी एकदाच सांगते. त्यानंतर त्या तक्त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला डेटाबेस स्वतःच संस्थेची अट लावतो. आज्ञावलीकार अट लिहायला विसरला तरी परक्या नोंदी दिसत नाहीत. संरक्षण चालू केले पण नियमच लिहिला नाही, तर एकही नोंद दिसत नाही. चूक झालीच तर ती माहिती झाकण्याच्या बाजूने होते, हा या रचनेचा मोठा गुण.

मात्र येथे एक मेख आहे. तक्त्याच्या मालक खात्याला हे नियम आपोआप लागू होत नाहीत, ते वेगळी सूचना देऊन सक्तीचे करावे लागतात; सर्वाधिकारी खात्याला तर ते कधीच लागू होत नाहीत. अनेक ठिकाणी वेब आज्ञावली सोयीसाठी नेमकी याच खात्यांतून डेटाबेसला जोडलेली असते. कुलूप बसवले आणि किल्ली दारालाच ठेवली, असा तो प्रकार.

दुसरा धोका जोडण्यांचा. वेग वाढावा म्हणून डेटाबेसशी किंवा तात्पुरत्या साठ्याशी केलेल्या जोडण्या वापरकर्त्यांमध्ये आळीपाळीने फिरवल्या जातात. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना इतरांच्या संभाषणांची शीर्षके दिसू लागली. रेडिस या तात्पुरत्या साठ्याशी जोडणाऱ्या एका मुक्तस्रोत घटकात दोष होता; रद्द झालेल्या मागणीचे उत्तर जोडणीत अडकून राही आणि पुढच्या माणसाच्या हाती पडे. एका नऊ तासांच्या कालावधीत सक्रिय असलेल्या सशुल्क सदस्यांपैकी १.२ टक्के सदस्यांची देयकविषयक माहितीही यात उघड झाली असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संस्थेची ओळख जोडणीला कायमची न चिकटवता त्या एका व्यवहारापुरतीच द्यावी आणि तात्पुरत्या साठ्यातील प्रत्येक किल्लीतही संस्था क्रमांक असावा.

आता कायद्याकडे वळू. परीक्षेत प्रश्न येथूनच येतील. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आला. त्यात माहितीचा भंग या संज्ञेत अपघाताने झालेले प्रकटीकरणही समाविष्ट आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातील राहून गेलेली अट हाही भंगच. शिवाय प्रक्रिया दुसऱ्या कंपनीकडे सोपवली तरी वाजवी सुरक्षेची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या मूळ संस्थेवरच राहते. रुग्णालयाला ‘आज्ञावली त्यांची होती’ असे म्हणून सुटता येणार नाही. सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले आणि या जबाबदाऱ्या अठरा महिन्यांच्या मुदतीनंतर लागू करण्याचे ठरवण्यात आले.

भंग झाल्यास मंडळाबरोबरच प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवावे, असेही अधिनियम सांगतो. त्यासाठी कोणाच्या नोंदी कोणी पाहिल्या याची नोंदवही हवी, आणि त्या नोंदवहीतही संस्था क्रमांक हवा. सामायिक तक्त्यांत तो नसेल, तर कोणाला कळवायचे हेच ठरवता येत नाही. मग सर्वच भाडेकरूंच्या सर्व ग्राहकांना पत्रे पाठवण्याची वेळ येते.

राहता राहिली तपासणी. दोन काल्पनिक संस्था तयार कराव्यात, पहिलीच्या खात्यातून दुसरीची प्रत्येक नोंद मागून पाहावी आणि दर वेळी नकारच मिळतो ना, हे आज्ञावलीतील प्रत्येक बदलानंतर यंत्राकडूनच तपासून घ्यावे. खर्च नगण्य आहे. निविदेच्या अटींत ही एक ओळ घालण्याचा अधिकार उद्या आपल्यापैकी काहींच्या हाती असेल.