साखरेच्या कड्यात अडकलेलं औषध

मागच्या महिन्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आता ठणठणीत आहे. पण मी भूलतज्ज्ञ मॅडमना विचारत होतो, "स्नायू ढिले करायला रोक्युरोनियम देता, मग श्वास परत कसा सुरू होतो?" कारण त्या औषधाने श्वासाचे स्नायूही थांबतात.

त्यांनी सुगामाडेक्सचं नाव सांगितलं. घरी येऊन रात्रभर वाचत बसलो! हे सायक्लोडेक्स्ट्रिन आहे, म्हणजे स्टार्चपासून बनणारं ग्लुकोजचं कडं. यात ८ ग्लुकोज असतात. बाहेरची बाजू पाण्यात रमते, आतली पोकळी पाण्याला टाळते. रोक्युरोनियम त्या पोकळीत जाऊन बसतं आणि किडनीवाटे जोडीनेच बाहेर पडतं. युरोपात २००८ला मान्यता, अमेरिकेत २०१५ला.

पण हे कडं नाव बघत नाही, आकार बघतं. (आमच्या कोडमध्येही असले बग निघतात.) रोक्युरोनियमचा सांगाडा स्टेरॉइडचा, आणि गर्भनिरोधक गोळ्यांतल्या प्रोजेस्टोजेनचाही. तेही थोडंफार पकडलं जातं. म्हणून सुगामाडेक्स दिलं असेल, तर गोळ्या चालू ठेवून पुढचे ७ दिवस कंडोमसारखा दुसरा उपायही वापरायला सांगतात.

मैत्रिणींनो, तुम्ही गोळी घेत असाल तर ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना सांगा. फॉर्मवर तो प्रश्न नसला तरी.